सगळे कागद नवऱ्याच्या नावावर: नणंदेच्या कम्युनिटी कॉलेज ॲडमिशनची पूर्ण केस

जुलै २०२४, रात्रीचे साडेनऊ, मी भांडी डिशवॉशरला लावत होते आणि नणंदेचा फोन आला. "अगं वहिनी, दोन क्लासचं बिल अडीच हजार डॉलर दाखवतंय." मला आधी वाटलं हिने चुकून भलत्याच कुठल्या प्रायव्हेट कॉलेजला नाव घातलं, कारण हिशोब मीच करून दिला होता तिला, ३ युनिटचे (युनिट म्हणजे क्रेडिट) दोन क्लास म्हणजे ६ युनिट, युनिटला ४६ डॉलर म्हणजे २७६, वर हेल्थ फी आणि असल्या किरकोळ फिया धरून सव्वातीनशेच्या आत सगळं बसतं. तिने स्क्रीनशॉट पाठवला तर २७६ ची ओळ बरोबर होती, पण तिच्याखाली अजून एक ओळ होती, नॉन रेसिडेंट ट्यूशन, म्हणजे राज्याचे रहिवासी नसलेल्यांची जादा फी, आणि सगळा घोळ त्या ओळीत होता.

ही केस सविस्तर लिहितेय कारण मागच्या वर्षभरात मला ओळखीतल्या तीन जणींनी हेच विचारलं, आणि दरवेळी फोनवर तासभर तेच सांगून माझा घसा बसला. नणंदेला विचारून लिहितेय, नाव तिचं नको म्हणाली, घरी तिला छकु म्हणतात तेच वापरते. कॉलेजचंही नाव घेत नाही, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात आहे एवढं पुरे.

छकुची पार्श्वभूमी अशी. बी.कॉम, नाशिककडची, लग्न होऊन एप्रिल २०२२ ला एच फोर वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, न्यू जर्सीत आली. नवरा एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर. जुलै २०२३ मध्ये त्याने नोकरी बदलली आणि ते कॅलिफोर्नियात आमच्यापासून वीस मिनिटांवर राहायला आले. तिला नोकरी करता येत नाही कारण त्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण नव्या कंपनीत पहिल्यापासून सुरू झालंय, आय १४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी करायचा अर्ज) मंजूर नाही, आणि तो मंजूर नसेल (किंवा एच वन सहा वर्षांच्या पुढे वाढवलेला नसेल) तर एच फोर वाल्याला वर्क परमिट मिळत नाही. ते परमिट मुळात सुरूच झालं मे २०१५ पासून, त्याआधी तर तोही प्रश्न नव्हता, घरी बसा. पण शिकायला मात्र एच फोर वर काहीच आडकाठी नाही, त्यासाठी एफ वन म्हणजे विद्यार्थी व्हिसा करावा लागत नाही, कॉलेजचा आय २० फॉर्म लागत नाही, पार्ट टाइम शिका नाहीतर फुल टाइम. ही गोष्ट कितीतरी जणींना माहीतच नसते. मलाही नव्हती, मी २०१७ ला अकाउंटिंगचे क्लास केले तेव्हा एका मैत्रिणीने सांगितलं म्हणून.

तिला लहान मुलांच्या शाळेत शिकवायचंय. इथे प्रायव्हेट प्रीस्कूलमध्ये शिक्षिका म्हणून लागायला राज्याच्या चाइल्ड केअर लायसन्सिंगच्या नियमाप्रमाणे अर्ली चाइल्डहूडचे १२ युनिट आणि सहा महिन्यांचा अनुभव लागतो, डिग्री हवीच असं नाही. १२ युनिट म्हणजे ३-३ चे चार क्लास. परमिट येईपर्यंत हे करून ठेवायचं असा साधा बेत होता.

सासूबाईंना फोनवर सांगितलं की छकु कम्युनिटी कॉलेजला जाणार, तर त्यांचा पहिला प्रश्न, "कम्युनिटी म्हणजे कुठल्या समाजाचं गं? आपलं वसतिगृह असतं तसं?" हसू नका, प्रश्न बरोबर आहे, आपल्याकडे समाजाची बोर्डिंगं असतात, समाजाच्या शिक्षणसंस्था असतात, त्यांना तेच आठवणार. त्यांना म्हटलं नाही आई, गावाचं कॉलेज, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसारखं, डिस्ट्रिक्टच चालवतं, फक्त दोन वर्षांचं असतं आणि अठरा वर्षांच्या पुढच्या कोणालाही घेतात. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी जोलिएटचं, इलिनॉयमध्ये, १९०१ चं. कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत. मेरिट लिस्ट नाही, कट ऑफ नाही, सीईटी नाही. पूर्वी इंग्लिश-गणिताची प्लेसमेंट टेस्ट घ्यायचे, २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर तीही गेली, आता मागचं शिक्षण विचारून स्वतःच कुठे बसता ते ठरवायचं. त्यामुळे "ॲडमिशन मिळेल का" हा प्रश्नच नसतो. "कुठल्या रेटने मिळेल" हा असतो, आणि तो आम्ही दोघींनी विचारलाच नाही. माझ्या वेळी सगळं बिनबोभाट झालं होतं, कारण तोपर्यंत मी कॅलिफोर्नियात चार वर्षं राहिलेली होते.

आता रेसिडेन्सीचा नियम, माझ्या शब्दांत. टर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुम्हाला कॅलिफोर्नियात राहून १ वर्ष पूर्ण झालेलं पाहिजे (सगळे १ वर्ष १ दिवस म्हणतात ते हेच), आणि नुसतं राहून भागत नाही, इथेच कायम राहायचा तुमचा इरादा आहे हे कागदाने दिसलं पाहिजे. शारीरिक हजेरी आणि इरादा, दोन्ही. सिद्ध करायची जबाबदारी विद्यार्थ्याची, कॉलेजची नाही. व्हिसाचंही बघतात, एफ वन, बी टू (फिरायला आलेले), जे वन (एक्सचेंजवर आलेले) वाल्यांना इथले रहिवासी होताच येत नाही कारण त्यांच्या व्हिसातच परत जाणं गृहीत आहे, पण एच वन आणि एच फोर वाल्यांना होता येतं. रेसिडेंट असाल तर युनिटला ४६ डॉलर, २०१२ च्या उन्हाळ्यापासून तोच आकडा आहे, एक सेंट वाढला नाही (डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं सेमिस्टरऐवजी क्वार्टरवर चालतात म्हणून तिथे ३१, हिशोब तोच). रेसिडेंट नसाल तर ४६ च्या वर २०२४ मध्ये अजून साडेतीनशे-चारशे पडायचे, जशी डिस्ट्रिक्ट तसा आकडा.

छकुची फॉल टर्म सुरू होणार सोमवारी २६ ऑगस्ट २०२४ ला. म्हणजे मोजायचा दिवस २५ ऑगस्ट २०२४. म्हणजे ती २५ ऑगस्ट २०२३ ला किंवा त्याआधी इथली रहिवासी झालेली पाहिजे. ती आली २९ जुलै २०२३ ला. सत्तावीस दिवस हातात. बसत होतं की!

मग बिल का आलं? तर तिच्या अर्जात तीन गोष्टी होत्या, तिन्ही तिने प्रामाणिकपणे भरलेल्या. अर्ज सगळ्या राज्याचा एकच असतो, ऑनलाइन, आधी अकाउंट काढायचं मग एक आयडी नंबर मिळतो आणि पुढे कॉलेज निवडायचं. त्यात विचारतात की तुमचा कॅलिफोर्नियातला सध्याचा मुक्काम कधी सुरू झाला. छकु डिसेंबर २०२३ मध्ये भारतात गेली होती, सासूबाईंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, १८ फेब्रुवारी २०२४ ला परत आली. तिने तारीख टाकली १८ फेब्रुवारी २०२४. सध्याचा मुक्काम म्हटल्यावर तिला ते बरोबरच वाटलं, आय ९४ वर (अमेरिकेत शिरल्याची सरकारी नोंद) पण तीच तारीख. दुसरं, गेल्या दोन वर्षांत कॅलिफोर्नियाबाहेर टॅक्स भरला का? हो, न्यू जर्सीत भरला. आणि तिसरा नवऱ्याचा प्रताप, जुना न्यू जर्सीचा पत्ता ऑटोफिलने पर्मनंट पत्त्यात जाऊन बसला होता आणि कोणी बघितलं नाही.

सिस्टिमने काय करायचं? फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत सहा महिने, वर्ष नाही, नॉन रेसिडेंट. यात सिस्टिमची काय चूक.

मला खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं, कारण त्या ऑपरेशनला खरं तर मी जायचं होतं, थोरली सून म्हणून, पण मुलांच्या शाळा, म्हणून ती गेली. दहा आठवडे सासूबाईंना धरून धरून चालवलं तिने आणि त्याच दहा आठवड्यांवरून तिची रेसिडेन्सी अडकली. नियमात मात्र स्पष्ट आहे की कामासाठी, शिक्षणासाठी किंवा फिरायला तात्पुरतं बाहेर गेलात, परत यायचा इरादा कायम होता आणि त्याला विसंगत काही केलं नाहीत, तर रहिवास तुटत नाही. म्हणजे मुक्काम २९ जुलै २०२३ पासूनच धरायचा होता.

त्याआधीचा एक छोटा घोळ राहिलाच सांगायचा. मे मध्ये अर्ज भरला तर अकरा दिवस काही उत्तरच नाही. फोन केला तर म्हणे अर्ज संशयित म्हणून बाजूला पडलाय. इथे गेली काही वर्षं बोगस विद्यार्थ्यांचा सुळसुळाट आहे, टोळ्या खोट्या नावाने शेकड्याने अर्ज करतात, ऑनलाइन क्लासला नाव घालतात, सरकारी मदतीचे पैसे उचलतात आणि पसार होतात. २०२४ च्या सुरुवातीला दर चार अर्जांत एक खोटा असावा असा राज्याच्या चॅन्सेलर ऑफिसचाच अंदाज होता. त्या चाळणीत खरे पण अडकतात. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, पत्ता दोन राज्यांतला, फक्त ऑनलाइन क्लास हवेत, मशीनला छकु चोरच वाटली असणार. ओळख पटवा म्हणून आलेली ईमेल स्पॅममध्ये पडून होती. पासपोर्ट दाखवल्यावर दोन दिवसांत सुटला अर्ज. नावाचं मात्र तिने चांगलं सांभाळलं होतं, पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आणि बी.कॉमच्या मार्कशीटवर माहेरचं, आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं, आपल्याकडची पद्धत. अर्जात आधीचं नाव टाकायची जागा असते तिथे तिने ते टाकलं, पुढे ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाचा अधिकृत गुणतक्ता) आली की जुळवायला बरं.

बिल आल्यावर नवरा म्हणाला आत्ता भरून टाकू, नंतर रिफंड मागू. मी म्हटलं थांब जरा. दुसऱ्या दिवशी दोघी कॉलेजात गेलो. काउंटरवर एक विद्यार्थीच काम करत होता, वीस वर्षांचं पोरगं, एच फोर म्हटल्याबरोबर म्हणाला व्हिसा असेल तर इंटरनॅशनल ऑफिस, दुसरा मजला. वर गेलो. तिथे विचारलं आय २० कुठाय, टोफेलचा स्कोअर, बँकेत वर्षाच्या खर्चाइतके पैसे असल्याचा दाखला. छकु रडकुंडीला आली. मी सांगितलं की बाई एफ वन नाहीये ही, एच फोर आहे, तेव्हा त्या म्हणाल्या मग आमच्याकडे कशाला आलात, खाली जा! इंटरनॅशनल स्टुडंट हा शब्द तिथे फक्त एफ वन साठी असतो, परदेशी पासपोर्ट असलेल्या सगळ्यांसाठी नाही. आपण कुठून आलो हे कोणी विचारलेलंच नसतं. यात अख्खी दुपार गेली.

खाली ॲडमिशन अँड रेकॉर्ड्समध्ये रेसिडेन्सी बघणाऱ्या एक बाई होत्या, त्या व्यवस्थित बोलल्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, आत्ता पैसे भरलेत आणि पुढच्या टर्मला रेसिडेंट ठरलात तर मागच्या टर्मचे परत मिळणार नाहीत, जे करायचं ते टर्म सुरू व्हायच्या आत करा. दोन, इराद्याच्या पुराव्यांची यादी. ती यादी राज्याच्या नियमातलीच आहे आणि वाचण्यासारखी आहे. घर स्वतःचं असणं किंवा सलग भाड्याने राहणं, मतदार नोंदणी (आपल्याला नाही), इथे व्यवसायाचं लायसन्स, फेडरल टॅक्सवर इथला पत्ता, राज्याचा टॅक्स रहिवासी म्हणून भरणं, गाडीचं रजिस्ट्रेशन, ड्रायव्हिंग लायसन्स, चालू बँक खातं, आणि हो, कॅलिफोर्नियात घटस्फोटाचा अर्ज केलेला असणं! छकुने संध्याकाळी ती ओळ नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली, "हा एक कागद लगेच होईल बघ." त्याचा चेहरा बघण्यासारखा होता म्हणे.

मग कागद शोधायला बसलो. डायनिंग टेबलवर फायली काढल्या आणि तासाभरात लक्षात आलं की या घरात छकु नावाची कोणी राहतच नाही. भाडेकरारावर सही नवऱ्याची. वीजबिल नवऱ्याच्या नावावर. इंटरनेट त्याच्या. गाडी त्याच्या. फोन फॅमिली प्लॅनवर, प्लॅन त्याच्या. हेल्थ इन्शुरन्स त्याच्या कंपनीचा, ही डिपेंडंट. बँकेत जॉइंट खातं होतं पण तिचं नाव घातलं मार्च २०२४ मध्ये. लायसन्स इथलं होतं पण ते ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेलं, तोपर्यंत न्यू जर्सीचंच खिशात, खरं तर इथे राहायला आल्यावर दहा दिवसांत काढायचं असतं पण कोण काढतं. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. तो आधी आला, त्याला सोशल सिक्युरिटी नंबर होता, फॉर्म त्याच्या नावाने पटकन भरले जातात, आपल्या सगळ्यांच्या घरी असंच असतं. माझ्या घरी अजून वीजबिल ह्यांच्याच नावावर आहे.

पहिल्या खेपेला आम्ही दिलं ते असं: भाडेकराराचं पहिलं पान, वीजबिलं, लायसन्स, २०२३ च्या राज्याच्या टॅक्स रिटर्नचं पहिलं पान, लग्नाचा दाखला, आय ९४ आणि एच फोरचे कागद. नऊ दिवसांनी नकार आला. एका ओळीत कारण होतं, विद्यार्थिनीचा स्वतःचा इरादा ऑक्टोबर २०२३ पासून दिसतो, २५ ऑगस्टला वर्ष होत नाही. म्हणजे त्यांनी लायसन्सपासून मोजलं, कारण त्याआधीचा एकही कागद तिच्या नावाचा नव्हता. नवऱ्याचं वर्ष भरत होतं, बायकोचं नाही, आणि दोघं एकाच घरात एकाच पलंगावर झोपत होते.

अपील करायला वेळ दिलेला होता. आता सगळ्यात वाईट काय झालं असतं तर स्प्रिंगची वाट बघावी लागली असती, जानेवारीत ऑक्टोबरचं लायसन्स वर्षाचं झालंच असतं, एक सेमिस्टर गेलं असतं. पण छकु हट्टाला पेटली. "मी राहत होते ना इथे, मग?"

दुसऱ्या खेपेला शोधायची पद्धत बदलली. पत्ता सिद्ध करणारे कागद सोडून दिले आणि २५ ऑगस्ट २०२३ च्या आधी हिच्या नावाने कुठे काही झालंय का ते शोधायला लागलो. हिचा ईमेल उघडला, तारीख टाकली, १५ जुलै ते २५ ऑगस्ट, एकेक मेल बघत गेलो, निम्मे कूपनं.

पहिलं सापडलं विमानाचं तिकीट. २९ जुलै, नेवार्क ते सॅन फ्रान्सिस्को, एकीकडचं, परतीचं नाही. नवरा १५ ला आला होता, ती सामान आवरून मागून आली. दुसरं, ५ ऑगस्टला लायब्ररीचं कार्ड काढल्याची वेलकम ईमेल, ती मराठी पुस्तकं मिळतात का बघायला गेली होती. तिसरं भाडेकरारात. करार पंधरा पानांचा, आम्ही पहिलं पान दिलं होतं, अकराव्या पानावर "इतर राहणारे प्रौढ" अशी एक ओळ आहे आणि तिथे हिचं पूर्ण नाव टाइप केलेलं. पहिल्यांदा देताना कोणी अकरा पानं उलटतंय का, पण ते नाव तिथे १५ जुलै २०२३ पासून होतं.

चौथं सगळ्यात भारी. एआर ११. पत्ता बदलला की नॉन इमिग्रंट माणसाने दहा दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवायचं असतं, ऑनलाइन होतं, आणि ते घराचं मिळून एक नसतं, प्रत्येक माणसाचं वेगळं भरायचं असतं. नवऱ्याने स्वतःचं भरलं होतं आणि २ ऑगस्टला हिचंही भरलं होतं, कन्फर्मेशनसकट. मला वाटत नाही त्याने भांडी कधी वेळेवर घासली असतील पण हे केलं त्याने. फेडरल सरकारचा कागद, हिचं नाव, नवा पत्ता, तारीख, आणि न्यू जर्सी सोडल्याचं हिच्या नावाने कळवलेलं.

पाचवं टॅक्समध्ये. वर्षाच्या मध्यात कॅलिफोर्नियात आलेल्यांना ५४० एनआर हा राज्याचा टॅक्स फॉर्म भरावा लागतो, त्याला एक शेड्यूल सीए जोडलेलं असतं, त्याच्या सुरुवातीलाच राहण्याची माहिती विचारतात, तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी कधी झालात, कुठल्या राज्यातून आलात, आणि तिथे दोन रकाने असतात, एक स्वतःचा, एक जोडीदाराचा. त्या दुसऱ्या रकान्यात हिच्यासाठी तारीख लिहिलेली! आम्ही रिटर्नचं पहिलं पान दिलं आणि हे शेड्यूल घरीच ठेवलं होतं. फक्त रिटर्न भरणाऱ्या सीएने (अकाउंटंटने) दोघांना १५ जुलै घातली होती आणि तिकीट म्हणतंय २९ जुलै. आता हे लपवायचं की काय यावर थोडी चर्चा झाली, मी म्हटलं लपवायचं काहीच नाही, पत्रात सरळ लिहू की टॅक्सवर दोघांची एकच तारीख पडलीय, प्रत्यक्षात मी २९ ला आले, तिकीट सोबत आहे, २९ च धरावी. दोन्ही तारखा २५ ऑगस्टच्या आधीच्याच होत्या.

पत्र एक पानाचं केलं. भावनिक काही नाही. वरती २५ ऑगस्ट २०२३ ही तारीख, खाली तारीखवार ओळी, प्रत्येक ओळीपुढे जोडलेल्या कागदाचा नंबर. भारतवारीसाठी एक वेगळा परिच्छेद, आईचं ऑपरेशन, हॉस्पिटलचा डिस्चार्ज पेपर, जातानाच काढलेलं परतीचं तिकीट (हे महत्त्वाचं, परत यायचा इरादा पहिल्या दिवसापासून होता हे त्याच्यातून दिसतं), आणि त्या काळात इथलं घर चालू होतं, भाडं जात होतं. अर्जातली १८ फेब्रुवारीची तारीख प्रश्नाचा अर्थ चुकून समजल्यामुळे पडली हेही लिहिलं. छकुला वाटत होतं चूक कबूल केली तर उलट होईल. मला वाटतं न लिहिल्यानेच उलट झालं असतं, कारण अर्ज त्यांच्यासमोर उघडाच होता.

१४ ऑगस्टला मेल आला, रेसिडेंट, फॉल २०२४ पासून. बिल सव्वातीनशेवर आलं. तिने आधी आईला फोन केला मग मला, ते बरोबरच आहे.

पण मधल्या काळात दुसरा फटका बसला. पैसे न भरल्यामुळे एका क्लासमधून नाव उडालं होतं. ठरावीक तारखेपर्यंत फी भरली नाही की सिस्टिम आपोआप काढून टाकते, अपील चालू आहे वगैरे त्याला कळत नाही. चाइल्ड डेव्हलपमेंटचा क्लास राहिला, चाइल्ड, फॅमिली अँड कम्युनिटीचा गेला आणि तोपर्यंत तिथे चौदा जणांची वेटलिस्ट. नव्या विद्यार्थ्यांना रजिस्ट्रेशनची तारीख आधीच उशिराची मिळते, आणि ओरिएंटेशन, काउन्सेलरबरोबर एज्युकेशन प्लॅन हे केलं नसेल तर अजून उशिराची, तिने ओरिएंटेशन केलं होतं, प्लॅन राहिला होता. आम्ही वेटलिस्टला नाव घातलं आणि तिने प्रोफेसरला सरळ ईमेल केली. पहिल्या आठवड्यात जे येत नाहीत त्यांची नावं प्रोफेसर काढतात (बोगसवाले पण तेव्हाच गळतात) आणि जागा झाली की ॲड कोड, म्हणजे क्लासला नाव घालायचा कोड, देतात. पंधराव्या नंबरच्या छकुला पाचव्या दिवशी कोड आला. वेटलिस्टला घाबरून दुसरा नको असलेला क्लास घेऊ नका, पहिला आठवडा थांबा, एवढं माझं स्वतःचं मत.

पुढच्या क्लासला प्रीस्कूलमध्ये जाऊन मुलांचं निरीक्षण करायचं होतं, त्याला गोवर, डांग्या खोकला, फ्लूच्या लशींचे दाखले आणि टीबीची टेस्ट लागते. छकुने कोपराखाली हातावर टोचून करतात ती स्किन टेस्ट केली आणि अर्थातच हात सुजला, पॉझिटिव्ह. आपल्या सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, त्याने ती टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. नर्सने एक्स रे सांगितला, मग रक्ताची टेस्ट केली ती निगेटिव्ह आली. आधीच रक्ताची मागा, बीसीजीचा त्या टेस्टवर परिणाम होत नाही.

राहता राहिली बी.कॉमची ट्रान्सक्रिप्ट. क्लासला बसायला तिची गरज नव्हती, अर्जात पदवी आहे एवढं टिचकी मारून भागलं. पण तिला आता वाटतंय की १२ युनिटवर न थांबता असोसिएट डिग्री (इथली दोन वर्षांची पदवी) करावी, तर जनरल एज्युकेशनचे युनिट बी.कॉममधून वळते करून घेता आले तर वर्ष वाचेल. त्यासाठी इथल्या मान्यताप्राप्त एजन्सीकडून विषयवार इव्हॅल्युएशन लागतं, दोनशे डॉलरच्या पुढे खर्च, आणि एजन्सीला ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच बंद पाकिटात शिक्के मारून गेलेली हवी, आपण पाठवलेली चालत नाही. हे काम सासऱ्यांच्या गळ्यात पडलंय. ते दर मंगळवारी परीक्षा विभागात जातात. पहिल्या मंगळवारी चलन दुसऱ्या खिडकीवर होतं, दुसऱ्या मंगळवारी साहेब मीटिंगला, तिसऱ्या मंगळवारी कळलं की माहेरच्या नावाच्या मार्कशीटला लग्नानंतरच्या नावाचा अर्ज जोडलाय म्हणून गॅझेटची प्रत पाहिजे. गॅझेट मिळालं. परवा फोनवर म्हणाले, आता पाकीट तयार आहे, फक्त त्यावर मारायचा शिक्का ज्या कपाटात आहे त्या कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे आहे, येत्या मंगळवारी बघतो.